मी मोजलेली फेरी

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सांगणारी मी, लिहिणारी नात. मला अक्षर येत नाही. टेपवरचे आकडे तेवढे ओळखते, आणि शिंप्याच्या घरात तेवढ्यावर जन्म निघतो. नातीला अक्षर येतं, पण तिच्याकडे सांगायला काही नसतं. तिच्या धावण्याच्या मास्तरांनी हुकूम काढलाय की धावणाऱ्याने रोज वहीत लिहावं. हिने पंधरा दिवसांत काय लिहिलं ते तिनेच वाचून दाखवलं : धावले, दमले, जेवले. म्हटलं, अगं, एवढं तर कोपऱ्यावरचं कुत्रंही लिहील, त्याला पेन दिलं तर.

संध्याकाळी धावून आली की तिला वीस मिनिटं गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसावं लागतं. तोही मास्तरांचाच हुकूम. बादलीत पाय असलेलं माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून ती वीस मिनिटं मी घेतली.

नातीला मी भिंगरी म्हणते. वय पंधरा, अंतर आठशे मीटर. मास्तर म्हणतात, हे अंतर सगळ्यांत वाईट. जीव खाऊन पळावं तर संपत नाही, आणि रमतगमत पळावं तर संपून जातं. बावीस मार्चला निवड चाचणी आहे. दोन मिनिटं बावीस सेकंदांच्या आत आली तर क्रीडा वसतिगृहात घेतील. राहणं, शाळा, शिकवायला खरी बाई, पळायला खरा ट्रॅक. नाही आली तर आमच्या दुकानात काजं करायचं मशीन आहेच. ऑक्टोबरात ती दोन चोवीसमध्ये पळाली होती. म्हणजे दोन सेकंद कमी करायचे. दोन सेकंदांत माझा दोरा सुईपर्यंतही पोचत नाही, आणि एवढ्यासाठी घरादाराने दीड महिना डोकं फिरवून घ्यायचं आहे.

मास्तरांना मी शिट्टी म्हणते. हे लिहू नको म्हणते आहे. लिही.

रविवार, ८ फेब्रुवारी

शहरातला ट्रॅक चाचणीपर्यंत बंद. नवीन करताहेत. जुन्यावर माणसं पळत नव्हती की काय, कोण जाणे. म्हणून भिंगरीने पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानात पळायचं ठरलं. तिथे चारशे मीटरची फेरी आखायची. शिट्टी म्हणाला, "शाळेतली मोठी टेप आणतो पुढच्या आठवड्यात."

मी म्हटलं, "मास्तर, राहू द्या. आम्ही काय भाजी विकतो? मोजणं हा आमचा धंदा आहे."

आमच्या दुकानात टेप एकच. मुलगा वापरतो, सून वापरते, मी वापरते, पण टेप एकच, माझी. दोन टेपा म्हणजे दोन मापं, आणि दोन मापं म्हणजे भांडणं. चाळीस वर्षं तीच आहे. वेटोळं होऊन टोक वळू नये म्हणून रात्री तिच्या खालच्या टोकाला मोठी कात्री बांधून खिळ्याला टांगते. सकाळी कशी सरळ, काठीसारखी. आणि या टेपने शिवलेला एक कपडा कधी कुणाला सैल झाला नाही की घट्ट झाला नाही. गल्लीत कुणालाही विचारा.

तर सकाळी मी, मुलगा आणि भिंगरी गेलो. आधी टेपने वीस वेळा मोजून तीस मीटरची दोरी केली. मग तेरा दोऱ्या आणि वर दहा मीटर. वळणावर मुलगा दोरी आतून घ्यायला निघाला, त्याला ओरडले. बेतताना वळणात चुकतो तो काखेत चुकतो. चार कोपऱ्यांना दगड लावले, चुना मारला. शिट्टीने मोठ्या टेपने केलं असतं तर अर्धा दिवस घालवला असता आणि वर चहा मागितला असता.

बुधवार, ११ फेब्रुवारी

नव्या फेरीवर पहिल्यांदा घड्याळ लावून दोन फेऱ्या. दोन मिनिटं एकोणतीस.

मुलाने घड्याळ हलवून पाहिलं. मग कानाला लावलं. ते नंबरवाल्या काचेचं घड्याळ आहे, त्यात वाजायला काही नाही, पण बापाचं मन.

शिट्टीला फोन केला. तो म्हणाला, "थंडीत सुस्ती आली आहे. आठवड्याला दहा किलोमीटर वाढवा." तिला बघितली नाही, पाय बघितले नाहीत, फोनवरच औषध. आमच्याकडे कुणी फोनवर सांगितलं, पँट शिवा, तर आम्ही आधी कंबर तरी मागतो.

भिंगरी म्हणते, "आजी, मला तर वाटत होतं मी चांगली पळतेय."

मी म्हटलं, "वाटायला काय, मला अजून मी विशीतली वाटते. उठताना कळतं."

हसली. थोडीच.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज तिचा मामा आला. हा एकदा, फक्त एकदा, कॉलेजात असताना शर्यतीत तिसरा आला होता. पळणारे किती होते ते मी सतरा वेळा विचारलं, अजून उत्तर आलेलं नाही. त्याच्या जोरावर गेली वीस वर्षं हा माणूस सल्ला देतो. मी त्याला तिसरा नंबर म्हणते. सूनबाईचा भाऊ आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात म्हणत नाही.

तिसरा नंबर म्हणाला, भिंगरीने खांदे आवळू नयेत. मग म्हणाला, हात जोरात मारावेत. मग म्हणाला, श्वास नाकाने घ्यावा. मी म्हटलं, "अरे, आणि पाय? पाय कधी हलवायचे ते नाही सांगितलंस."

मुलानेही फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघितलाय. त्यात एक गोरा माणूस सांगतो की वजन कमी केलं की वेग वाढतो. हिचं वजन? हिला धुतलेल्या चादरीसारखं दोरीवर टाकलं तर चिमटा लावावा लागेल. तरी मुलाने हिच्या ताटातली एक पोळी कमी केली. सूनबाईने ती पोळी डब्यात घालून गुपचूप शाळेत पाठवली. हे मी बघितलं. हे लिहिताना हिचे कान लाल झालेत, म्हणजे पोळी पोचते आहे.

माझाही एक सल्ला आहे. कोपरं बाहेर काढते ती पळताना, कोंबडीसारखी. कोपरं आत ठेव. हा सल्ला खरा आहे, कारण तो माझा आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

नव्या इमारतीतला सुतार तणतणत आला. त्याने खिडक्यांची मापं चिठ्ठीवर लिहून पाठवली होती, त्याबरहुकूम आम्ही बारा पडदे शिवले. म्हणतो, बाराच्या बारा जमिनीवर लोळताहेत. मी म्हटलं, "चिठ्ठी तुझी, खिडकी तुझी, आणि चूक माझी? ज्याच्या अंगावर मी टेप लावते त्याचा कपडा कधी चुकत नाही. खिडकीला इथे घेऊन ये, माप घेते."

म्हणतो, "आजी, माझी टेप पोलादी आहे."

"म्हणून काय झालं? डोकं कसलं आहे?"

गेला. पडदे ठेवून गेला. सूनबाई म्हणाली, याच्या आधी शाळेच्या पडद्यांचंही असंच झालं होतं. म्हटलं, हल्ली खिडक्या नीट करत नाहीत.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दोन सव्वीस.

मैदानातून घरापर्यंत पळतच आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यामधून शिरून ओरडली, "आजी, दोन सव्वीस!" अशी लाल झालेली, वेणी सुटलेली, एक बूट उघडा.

मुलगा म्हणाला, "अजून चार सेकंद." शिट्टी फोनवर म्हणाला, "ऑक्टोबरात दोन चोवीस होती, आता सव्वीस, आणि ही नाचते कशाला?" आणि मीही म्हटलं... लिही की, जसं म्हटलं तसं. मी म्हटलं, "बाई, चार सेकंद राहिलेत, आरती ओवाळायची तयारी आत्ताच करू का?"

गिऱ्हाइकं हसली. भिंगरी बूट बांधायला खाली वाकली ती बराच वेळ वाकलेलीच.

शिट्टीने आता सकाळीही पळायला सांगितलं आहे. चढावर दहा वेळा.

मंगळवार, ३ मार्च

नडगी दुखते. डाव्या पायाची, आतल्या बाजूने. बोट लावलं की ओरडते. आठवडाभर दुखत होतं, सांगितलं नाही. का, तर शिट्टी म्हणाला असता, हे बहाणे.

शिट्टी तेच म्हणाला. बहाणे आणि बर्फ. तिसऱ्या नंबराने तेल सांगितलं. मुलाने दुसरा व्हिडिओ बघितला. इतके वैद्य, आणि रोगी एक, आणि तोही पंधरा वर्षांचा.

भिंगरी मघाशी म्हणाली की ती चाचणीला जाणार नाही. सांगितलं तेही कसं? अगदी साध्या आवाजात, जसं कुणी सांगतं की दूध संपलं. "मी हळूच आहे, आजी. ऑक्टोबरात चुकून झालं असेल. मी काजं शिकते."

मी म्हटलं, काजांनाही हात लागतो, तू तीही वाकडी करशील. यावर तिने हसायला हवं होतं. पाणी आता तिच्या पायांना गार लागत नाही म्हणते. मी हात घालून पाहिलं, माझी बोटं बधिर झाली.

गुरुवार, ५ मार्च

सुतार आला होता. त्याची ती पोलादी टेप घेऊन. भिंगरी शाळेत होती. तो काहीबाही बोलला. पडदे घेऊन गेला. बाकी लिहायचं काही नाही.

शुक्रवार, ६ मार्च

आज काही नाही.

रविवार, ८ मार्च

लिही. मी काय सांगते ते नीट लिही आणि शेवटपर्यंत पेन थांबवू नको.

गुरुवारी सुताराने माझी टेप पाटावर पसरली आणि शेजारी त्याची लावली. माझी दीड मीटर म्हणते तिथे त्याची तीन बोटं पुढे. मी म्हटलं, थंडीत पोलाद आखडतं. तो हसला. चांगला माणूस आहे, मोठ्याने हसला नाही. मग सूनबाईने तुझ्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी आणली, मग शेजारच्या दुकानातून नवी टेप आणली. सगळ्या एका बाजूला, माझी एका बाजूला. रोज रात्री कात्रीने ओढली जाऊन ती लांबली आहे. किती वर्षांपासून, देव जाणे.

अंगाचं माप तिनेच घ्यायचं आणि कापडही तिनेच मोजायचं, त्यामुळे तिचं खोटं तिच्यातच जिरत होतं. पँट बरोबरच व्हायची. परक्याने मोजून दिलेलं आलं की मात्र चुकायचं. पडदे. आणि...

का थांबलीस? लिही.

सूनबाई पडद्याची घडी घालत होती. तिने वर न बघता विचारलं, "आई, आणि मैदान?"

तेव्हापासून तीन दिवस मला घास गोड लागलेला नाही. तीन दिवस मी तुला सांगितलं नाही. आधी म्हटलं, थोडं जास्त पळाली तर बरंच की, दम वाढेल. मग म्हटलं, चाचणीनंतर सांगू. मग म्हटलं, कशाला सांगायचं, कोण मोजणार आहे. चाळीस वर्षं मी गावाला सांगत आले की माझं माप चुकत नाही. ते तोंडातून परत आत घ्यायला तीन दिवस लागले, हे लिही. तू हळू नाहीस. तुझी फेरी लांब आहे. ती मी मोजली.

अगं, पाणी सांडेल. बस. कुठे चाललीस ओल्या पायांनी?

सोमवार, ९ मार्च

आजचं सूनबाई लिहिते आहे. भिंगरी माझ्याजवळ बसली नाही.

सकाळी ती लंगडत जाऊन सुताराला घेऊन आली. तो कामावर जायचा थांबला आणि त्याची टेप लावून सगळी फेरी मोजली. मी पाण्याच्या टाकीच्या कठड्याशी उभी होते. चारशे तेरा. दोन फेऱ्यांना सव्वीस मीटर जास्त. मुलाने हिशेब केला, कागदावर, दोनदा. एकोणतीस म्हणजे चोवीस. आणि त्या मंगळवारची दोन सव्वीस म्हणजे दोन एकवीस.

दोन एकवीस. म्हणजे त्या दिवशी तिने करून दाखवलं होतं. वसतिगृहाला हवं त्याहून एक सेकंद कमी. आणि ती पळत घरी आली होती सांगायला.

भिंगरीने कागद बघितला. मला म्हणाली, "तू गिऱ्हाइकांसमोर बोललीस ना मला." एवढंच. लांब फेरीबद्दल काही नाही बोलली. मला वाटलं होतं, फेरीबद्दल बोलेल.

सूनबाई विचारते, पुढे काय लिहू. काही लिहू नको.

शुक्रवार, १३ मार्च

आज भिंगरी वही घेऊन आली. "सांग," म्हणाली. जास्त काही नाही. पण आली.

डॉक्टरीणबाईंनी नडगीचा फोटो काढला. हाडाला चीर नाही, सूज आहे. सोळा तारखेपर्यंत पळायचं नाही, मग हळू. जेवायचं मात्र पोटभर, एक पोळी जास्त, असं मुलाच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. मला बाई आवडली.

शिट्टी घरी आला. पहिल्यांदाच. तीस दिवस फोनवर वैद्यकी केली, आज पाय बघायला आला. म्हणतो, "मला शंका होतीच की मोजण्यात काही तरी आहे." शंका होती! अरे, मग ती कुठे ठेवली होतीस, शिट्टीत? मला बोलायचा हक्क नाही हे माहीत आहे. तरी मनात बोलले, आणि इथेही बोलले. बहाणे म्हणालेला तो शब्द त्याने परत घेतला नाही. चहा घेतला.

तिसरा नंबर म्हणाला, लांब फेरीवर सराव करणं हीच खरी युक्ती, मोठमोठे लोक करतात. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, गप्प बस." लग्न होऊन आल्यापासून तिने त्याला पहिल्यांदा असं म्हटलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण सवय नाही.

रविवार, २२ मार्च

चाचणी झाली. घरी येऊन दोन तास झालेत. ती अंघोळ करून आली आणि स्वतःच वही उघडली.

नवा ट्रॅक विटेच्या रंगाचा. नऊ मुली. आम्ही कठड्याच्या बाहेर. शिट्टीने जाता जाता तिला सहा गोष्टी सांगितल्या, मुलाने चार, तिसऱ्या नंबराने कठड्यावरून ओरडून किती ते मोजलं नाही. मी काही बोलले नाही. कोपरांबद्दलही नाही.

सुटल्या. भिंगरी सगळ्यांच्या मागे. दुखत होतं म्हणून नाही, पाय नीट पडत होते. ती दबकून पळत होती, जसं कुणी दुसऱ्याच्या घरात चालतं. पहिली फेरी त्र्याहत्तर सेकंद. मुलगा घड्याळाकडे बघायचा थांबला. मग मागच्या वळणावर काय झालं मला माहीत नाही. तिने मान वर केली. एकेक करून मुली मागे पडायला लागल्या, आणि ती कोंबडीसारखी कोपरं बाहेर काढून आली, आली, आली. दुसरी आली. दुसरी फेरी एकोणसत्तर पूर्णांक चार.

दोन मिनिटं बावीस पूर्णांक चार. बावीसच्या आत हवं होतं.

वसतिगृहाची बाई वहीत लिहीत होती. तिने भिंगरीला विचारलं, "पहिल्या फेरीत झोपली होतीस का?" भिंगरी वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. बाई म्हणाली, पुढची चाचणी सप्टेंबरात. आणि दुसऱ्या मुलीकडे वळली.

सोमवार, २३ मार्च

सकाळपासून दुकानात सभा भरली आहे. शिट्टीचं म्हणणं, वेग आहे पण डोकं नाही. मुलाचं म्हणणं, दहा दिवस विश्रांती नको होती. तिसऱ्या नंबराचं म्हणणं, नाकाने श्वास घेतला असता तर चार दशांश सहज निघाले असते. दशांश काय असतो ते त्याला माहीत आहे असं मला वाटत नाही. कुणीही तिला विचारलं नाही. ती काजांच्या मशीनपाशी बसून सगळ्यांची तोंडं बघत होती.

ते गेल्यावर मी विचारलं, "पहिल्या फेरीत काय झालं गं?"

म्हणाली, "मला माहीत होतं मी हळू नाहीये. कागदावर बघितलं होतं ना. पण पळायला लागल्यावर पायांना ते माहीत नव्हतं. पायांना वाटलं, आपण मागेच राहायचं असतं."

हे मी तिला शब्दाला शब्द लिहायला लावलं. तिला नको होतं. पण चार दशांश कुठे गेले ते आजच्या सभेत एकालाही सांगता आलं नाही, आणि तिने दोन वाक्यांत सांगितलं. ते चार दशांश माझे आहेत. थोडे शिट्टीचे, थोडे बापाचे, पण त्या मंगळवारी गिऱ्हाइकांना हसवलं ते मी.

मग तिने विचारलं, "आजी, सप्टेंबरात पायांना कसं कळवायचं?"

मी सत्तर वर्षांत कुणी विचारलेला प्रश्न उत्तराशिवाय परत पाठवलेला नाही. न विचारलेल्यांनाही उत्तरं दिलीत. तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतं.

म्हटलं, "मला माहीत नाही. लिही."

म्हणाली, "काय? पुन्हा सांग, ऐकू आलं नाही."

चांगलं ऐकू आलं होतं तिला. खाली मान घालून हसत होती, कितीतरी दिवसांनी, दात दिसेपर्यंत.

मी पुन्हा सांगितलं.